भार कोणत्या पायावर?

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या ६८व्या वर्षी, मी पुन्हा एकदा चालायला शिकलो. आजारातून उठलेल्या माणसाचे हे वाक्य आहे असे कोणी समजू नये. पाय धड आहेत. सौंसरच्या बाजारापर्यंत सकाळची फेरी अजून चुकत नाही. पण मी सांगतो आहे ते चालणे बर्फावरचे आहे आणि ते शिकवणारी गुरू माझी १३ वर्षांची नात होती. त्या शिकण्याने एक जुना प्रश्न माझ्यासमोर असा आणून उभा केला, की तो वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. आपण सारे दोन भाषांच्या शिवेवर राहणारी माणसे. तेव्हा प्रश्न माझ्या एकट्याचा नसावा.

मुलगा अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहरी नोकरीला आहे. २०२४च्या डिसेंबरात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. आपल्याकडे पौषात अंगणात शेकोटी पेटली की थंडी पडली म्हणतात. तिथे पारा शून्याखाली वीस अंश उतरला तरी माणसे टोप्या घालून खुशाल फिरायला निघतात. पहिले आठ दिवस मी खिडकीशी बसून काढले. नवव्या दिवशी नात म्हणाली, "आबाजी, असं बसून नाही चालणार. मी तुम्हाला शिकवते." ती शाळेच्या स्कीइंगच्या संघात आहे. तिचे मराठी थोडे अडखळते, पण ती ते हट्टाने बोलते. रविवारच्या मराठी वर्गात ते शिकते.

स्कीइंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातले गुलमर्ग येते : उंच डोंगर आणि वरून भरधाव घसरत येणारा नायक. हे ते नव्हे. याला क्रॉस-कंट्री म्हणतात. सपाट किंवा थोड्या चढ-उताराच्या रानातून, पायांना लांब अरुंद पट्ट्या बांधून आणि हातांत दोन काठ्या घेऊन मैलोगणती जायचे, एवढाच हा प्रकार. बुटाचे पुढचे टोक तेवढे पट्टीला जखडलेले असते, टाच मोकळी राहते. म्हणून घसरता येते तसे चालताही येते. उत्तर युरोपातली माणसे हजारो वर्षे अशीच शिकारीला, लाकडाला, शेजारच्या गावाला जात आली. यातली जी जुनी चाल आहे तिला तिकडे क्लासिक म्हणतात. आपण तिला अभिजात शैली म्हणू. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आमच्या मंडळींनी सौंसरला पेढे वाटले होते. तीन महिन्यांच्या आत तोच शब्द दुसऱ्या खंडात पायाखाली येईल, असे कुठे वाटले होते!

शहरातल्या थिओडोर वर्थ नावाच्या बागेत या खेळाच्या वाटा आहेत. निसर्गाने हात आखडता घेतला तर तिथे यंत्राने बर्फ पाडतात. पट्ट्या, बूट, काठ्या भाड्याने मिळतात. पहिल्यांदा मी पाहिली ती बर्फातली वाट. यंत्राने बर्फ दाबून त्यात दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात, दोन पायांसाठी दोन, आणि त्या वळणे घेत झाडीत शिरतात. आमच्या सौंसरवरून नागपूरला जाणाऱ्या छोट्या लाइनीचे रूळ ज्यांनी पाहिले, त्यांना काय म्हणतो ते कळेल. ती लाइन २०१५ मध्ये बंद झाली आणि तिची मोठी लाइन झाली. पण मला रुळांपेक्षाही आठवली ती चाकोरी. पावसाळ्यानंतर पांदणीत बैलगाडीच्या चाकांनी पडते ती. लेखक-वक्ते मंडळी चाकोरीला नावे ठेवतात, 'चाकोरीबाहेर' हा शब्द ते कौतुकाने वापरतात. ज्याने चिखलातून संत्र्यांची गाडी हाकली आहे, त्याला चाकोरीचे मोल विचारावे.

मी त्या चाकोरीत उभा राहिलो, काठ्या रोवल्या आणि पाऊल टाकले. पाऊल मागे गेले, मी जागच्या जागी. पुन्हा टाकले, पुन्हा तेच. जोर लावला तेव्हा तोंडावर पडलो. तास-दीड तास हा कार्यक्रम चालला. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या बाया शेजारून सळसळत निघून जात होत्या, आणि मी खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा तिथेच. अखेर नात समोर आली, काठ्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि म्हणाली,

"आबाजी, तुम्ही अर्धे-अर्धे उभे आहात. एका पायावर पूर्ण या."

तिला 'तोल', 'भार' हे शब्द सुचले नसतील, म्हणून ती असे बोलली. पण त्या मोडक्या वाक्याने मला जे सांगितले ते धड वाक्याने सांगितले नसते.

त्या सांगण्यामागचे यंत्रशास्त्र साधे आहे. अभिजात शैलीची स्की सरळ पट्टी नसते. ती धनुष्यासारखी मधे किंचित उचललेली असते. माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा राहिला, तर पुढचे आणि मागचे टोक तेवढे बर्फाला टेकते, मधला भाग अधांतरी राहतो. आणि बर्फ पकडण्याची सगळी सोय त्या मधल्या भागातच असते. तिथे मेण लावतात : कडाक्याच्या थंडीला हिरवे, मग निळे, जांभळे आणि उबदार दिवशी लाल. माझ्यासारख्या नवशिक्यांच्या पट्टीला तिथे माशासारखी खवले असतात. शरीराचा सगळा भार एका पायावर आला की ते धनुष्य दबते, खवले बर्फात रुततात, आणि त्या क्षणी खाली रेटा दिला की माणूस पुढे जातो. मग लगेच सगळा भार दुसऱ्या, पुढे सरकणाऱ्या पायावर द्यायचा आणि त्यावर निवांत घसरत जायचे. तो मंदावला की पुन्हा रेटा. एक पाय पकडतो, दुसरा धावतो. पुढच्या क्षणी कामे बदलतात.

नवशिक्याची चूक सर्व जगात एकच असते. पडायची भीती वाटते, म्हणून तो अर्धा भार इकडे, अर्धा तिकडे ठेवतो. त्याला वाटते, आपण सावध आहोत. प्रत्यक्षात त्याची एकही पट्टी बर्फाला धरत नाही. मौज अशी, की ज्या पडण्याला भिऊन तो असे करतो, ते पडणेही चुकत नाही.

त्या रात्री पाय शेकत बसलो असता मला आपली म्हण आठवली : दोन्ही डगरींवर हात ठेवणे. डगर म्हणजे नदीचा काठ. पांढुर्ण्याच्या जाम नदीला एका बाजूस पांढुर्णा, दुसऱ्या बाजूस सावरगाव. म्हणजे आमच्याकडे ती म्हण शब्दशः पाहायला मिळते. आणि आम्ही सगळेच दोन डगरींचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. लग्नाची पत्रिका मराठीत, जमिनीचा कागद हिंदीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, तरी हा रिवाज तोच आहे. यात दुःख करण्यासारखे काही नाही. दोन भाषा येणे ही श्रीमंतीच आहे. प्रश्न आहे तो भार कसा द्यायचा हा. इथे मला माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ३७ वर्षे ती मी कोणाला सांगितली नाही.

१९८८ साली मी आमच्या भागातल्या एका शाळेत शिक्षक होतो. मराठी माध्यमाच्या पहिलीला मुले कमी पडत होती. संख्या भरली नाही तर वर्ग बंद होणार हे उघड होते. त्या वर्षी कोजागरीच्या कविसंमेलनात मी मायबोलीवर भाषण केले होते, टाळ्याही मिळाल्या होत्या. जूनमध्ये माझा मुलगा पहिलीत जाणार होता. मी रात्र-रात्र विचार केला आणि त्याचे नाव हिंदी माध्यमात घातले. हा निर्णय चूक होता असे मी आजही म्हणत नाही. राज्य हिंदी, पुढचे शिक्षण हिंदी, बापाने मुलाच्या भाकरीचा विचार करावा यात पाप नाही. चूक पुढे झाली.

त्याच आठवड्यात आमच्या ओळखीचे एक बागवान शेतकरी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा. ओसरीवर बसून त्यांनी विचारले, "गुरुजी, पोराले कोन्त्या शाळेत टाकू? तुमी सांगान तसं करतो." मी म्हणालो, "मराठीतच टाका. आपणच नाही टाकलं तर कोण टाकणार?" आणि माझ्या मुलाचे काय, हे त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. नंतर कोणी विचारलेच तर मी म्हणे, मराठीच्या वर्गाचा अर्ज द्यायला उशीर झाला. तो उशीर कधीच झाला नव्हता.

दोन वर्षांनी तो वर्ग बंद पडला. त्या मुलाला तिसरीत एकदम हिंदीत बसावे लागले. तो अडखळला, त्याचे एक वर्ष गेले, आणि पुढे दहावीनंतर त्याने शाळा सोडून बाग धरली. वर्ग माझ्या एका मुलाने वाचला असता असे नाही. पण मी त्या माणसाला जो सल्ला दिला, त्यावर माझा स्वतःचा भार नव्हता. मराठीवर माझे भाषण होते, हिंदीवर माझा मुलगा होता. मी अर्धा-अर्धा उभा होतो, आणि माझ्या उभे राहण्यावर विसंबून दुसराच कोणी पडला.

नीतीचे पुष्कळ प्रश्न 'हे की ते' या स्वरूपात विचारले जातात. मराठी की हिंदी? गाव की शहर? आईवडील की नोकरी? आपण उत्तर देतो : दोन्ही. हे उत्तर शहाणपणाचे आहे, पण अपुरे आहे. दोन्ही म्हणजे दोन्ही अर्धे, की दोन्ही पूर्ण, आळीपाळीने? आपण समतोल या शब्दाचा अर्थ सारखी वाटणी असा घेतो. बर्फावर मला कळले की समभार आणि समतोल या वेगळ्या गोष्टी आहेत. समभार ही उभ्या माणसाची सोय आहे. ज्याला चालायचे आहे त्याचा तोल प्रत्येक पावलाला मोडतो आणि पुन्हा सांधला जातो. १९८८ साली मी त्या शेतकऱ्याला असे सांगू शकलो असतो : "मी माझ्या मुलाला हिंदीत घातले आहे, कारण मला भीती वाटते. पण रोज संध्याकाळी तासभर मी त्याला मराठी शिकवणार आहे. तुमच्याही मुलाला पाठवा." तो हिंदीवर पूर्ण भार झाला असता, आणि संध्याकाळी मराठीवर पूर्ण भार. मी तो तास कधी घेतला नाही. माझा मुलगा आज मराठी समजतो, बोलताना मात्र तिसऱ्या शब्दाला हिंदीत जातो. आणि त्याची मुलगी परमुलखात मराठीचा वर्ग लावून बसली आहे.

इथे कोणी म्हणेल, गुरुजी, हे सगळे मनावर सोडू नका. भाषेसाठी कायदा पाहिजे, सोय पाहिजे. बरोबर आहे. सोयीचे महत्त्व त्या खेळानेही मान्य केले आहे. १९८०च्या सुमारास क्रॉस-कंट्रीत एक नवी चाल आली : खाचा सोडून, बर्फावरच्या स्केटिंगसारखी पाय तिरके फेकत जाण्याची. बिल कॉख या अमेरिकन खेळाडूने १९८२ मध्ये ती वापरून विश्वचषक जिंकला. ती चाल इतकी वेगवान, की जुनी दोन-चार वर्षांत नामशेष झाली असती. तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने शर्यतीच वेगळ्या केल्या. १९८८च्या कॅलगरी ऑलिम्पिकपासून काही शर्यती अभिजात शैलीच्या आणि काही मुक्त शैलीच्या होऊ लागल्या. पुढे खेळाडू अभिजात शर्यतीतही पाय न उचलता नुसत्या काठ्यांनी रेटू लागले. मग २०१६ मध्ये काठीची लांबी खेळाडूच्या उंचीच्या ८३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली, आणि काही चढांवर नुसत्या काठ्यांनी रेटायला मनाई झाली. एक चाल जिवंत राहावी म्हणून केवढी ही खटपट!

आपल्यासाठीही राज्यघटनेने अशी चाकोरी पाडून ठेवली आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क आणि ३५०-ख ही कलमे आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय करावी असे पहिले सांगते, तर दुसऱ्याने त्यांच्यासाठी विशेष अधिकारी नेमला जातो. ही कलमे नसती तर आमच्याकडे मराठीचा वर्ग कधी उघडलाच नसता. पण तो वर्ग ज्या दिवशी पटावरच्या संख्येअभावी बंद पडला, त्या दिवशीही कलम जागेवरच होते. कमी होती ती माझ्यासारख्यांच्या पावलांची.

मिनिआपोलिसमध्ये मला याचा दुसरा दाखला मिळाला. एकोणिसाव्या शतकात त्या मुलखात नॉर्वेहून हजारो कुटुंबे आली. स्कीची विद्या त्यांनीच तिथे आणली. दोन-तीन पिढ्यांत त्यांची भाषा गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात परक्या भाषांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि त्यांची देवळे एकेक करून इंग्रजीकडे वळली. १९२२ मध्ये काही कुटुंबांनी मिंडेकिर्केन नावाचे चर्च काढले, जिथे प्रार्थना नॉर्वेजियन भाषेतच होईल. शंभर वर्षे झाली, तिथे ती अजून होते. शहरभर हजारो माणसे स्कीवर चालतात. ज्यांनी ती चाल आणली त्यांची भाषा त्या एका छताखाली रविवारी बोलली जाते. मी एकदा मुलाबरोबर त्या इमारतीसमोरून गेलो. मुलगा गाडी चालवता-चालवता म्हणाला, "बाबा, इतने कम लोगों के लिए इतना सब?" प्रश्न विचारून झाल्यावर तो स्वतःच गप्प झाला.

इतक्या थोड्या लोकांसाठी इतका खटाटोप कशाला, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. त्याला उत्तर म्हणून मी एका शर्यतीची हकीकत सांगतो. २०१४ साली रशियात सोची येथे हिवाळी ऑलिम्पिक झाले. भारतीय ऑलिम्पिक संघटना तेव्हा निलंबित होती, म्हणून उद्घाटनाच्या दिवशी आपल्या खेळाडूंच्या वाट्याला तिरंगा आला नाही, ऑलिम्पिकचा ध्वज आला. ११ फेब्रुवारीला निलंबन उठले. १४ फेब्रुवारीला १५ किलोमीटरची अभिजात शैलीची शर्यत झाली आणि त्यात जम्मू भागातल्या राजौरीचे, सैन्यातले नदीम इक्बाल धावले. ते ८५वे आले. त्यांच्यामागे नेपाळचे दछिरी शेर्पा आणि सर्वांत शेवटी पेरू देशाचे रोबेर्तो कार्सेलेन. कार्सेलेन यांच्या बरगडीला सरावात मार बसून ती मोडली होती. सुवर्णपदक मिळवणारे स्वित्झर्लंडचे दारिओ कोलोन्या जवळजवळ २८ मिनिटे आधी पोहोचले होते. पण ते तंबूत गेले नाहीत, शेवटचा गडी येईपर्यंत रेषेशी थांबले आणि त्याचा हात हातात घेतला. शेर्पाही थांबले होते.

या तिघा शेवटच्यांपैकी कोणालाही पदकाची आशा नव्हती. नदीम इक्बाल यांना तर आठवड्यापूर्वी आपण कोणत्या ध्वजाखाली धावणार हेही ठाऊक नव्हते. तरी प्रत्येक पावलाला त्यांना पूर्ण भार द्यावाच लागला असणार, कारण अर्धा भार देऊन ती चढण कोणालाच चढता येत नाही. पहिल्याला नाही आणि शेवटच्यालाही नाही. फळ मिळेल तेवढाच भार देऊ, असा हिशेब त्या वाटेवर चालत नाही. पांढुर्ण्यात मराठी शिकून पुढे काय, या प्रश्नाला माझ्याकडे याहून मोठे उत्तर नाही.

आता एक शंका उरते, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. एका बाजूला पूर्ण भार द्या म्हणणे हे अतिरेकाचे शिकवणे नव्हे काय? आमच्या गावाइतके हे कोणाला कळणार! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो आणि दोन्ही डगरींवरून दगड सुटतात. डोकी फुटली आहेत, जीवही गेले आहेत. एरवी वर्षभर याच दोन काठांमध्ये सोयरिकी आणि व्यापार चालतो. त्या एका दिवशी मात्र प्रत्येक जण आपल्या काठावर पूर्ण उभा असतो. म्हणजे पूर्ण भार हा गुण पुरेसा नाही.

पण बर्फावरची दुसरी चूक तीच तर आहे. काही नवशिके एका पायावर छान तोल साधतात आणि त्या आनंदात तिथेच राहतात. पट्टी घसरून घसरून थांबते, आणि माणूस बगळ्यासारखा एका पायावर उभा. भार पूर्ण द्यायचा तो पुढच्या क्षणी दुसरीकडे नेण्यासाठी. जो मराठीत असताना पूर्ण मराठीत असतो त्याला हिंदीचा शेजारी परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचे पुढचे पाऊल तिकडेच पडायचे आहे. दगड हातात येतो तो पाय थिजल्यावर.

शिवाय ही उपमा सगळीकडे ताणू नये. उतारावर दोन्ही पाय सारखे ठेवून, गुडघे वाकवून नुसते घसरायचे असते. सुखाच्या दिवसांत कसाही उभा राहिलेला माणूस पुढे जातोच. आणि चढ फारच उभा असेल तर चाकोरी सोडावी लागते. पायांची टोके बाहेर वळवून, माशाच्या काट्यासारखे ठसे उमटवत, एकेक पाऊल चढायचे. त्यात वेग नाही, शोभा नाही, पण लाजही नाही. ज्या आईबापांनी परिस्थितीने मुलांची भाषा सोडली, त्यांना मी दोष देणार नाही. चाकोरी सोडताना त्यांनी ती सोडली असे मोकळेपणी म्हटले. मी चाकोरीत उभे राहण्याचे सोंग केले.

फेब्रुवारीअखेर मला सलग शंभर-सव्वाशे पावले जमू लागली. नात मागून ओरडे, "पूर्ण, आबाजी, पूर्ण!" एकदा डाव्या पायावर मी इतका वेळ निवांत घसरत गेलो, की वाऱ्याचा आवाज ऐकू आला. पुढच्या वळणावर पडलो, ती गोष्ट वेगळी.

मार्चमध्ये परत आलो तेव्हा आमच्याकडे मृग बहाराची संत्री तोडणे चालू होते. दुसऱ्या दिवशी मी त्या बागेत गेलो. वडील वारले, तो मुलगा आता ४३ वर्षांचा, बाग चांगली राखली आहे. मला पाहून तो पाया पडला, बाज टाकली, पाणी आणले. मी ठरवल्याप्रमाणे एका दमात सगळे सांगून टाकले : की तुझ्या वडिलांना मी मराठी सांगितले तेव्हा माझा मुलगा हिंदीत होता, आणि उशिराची गोष्ट खोटी होती.

तो थोडा वेळ हातातले संत्रे फिरवत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, आमाले तवाच माहीत होतं. गाव केवढं हाय? बाबा म्हनत, गुरुजी बोलते ते खरं हाय. करते ते त्याहीचं त्याहीले."

मला काही बोलणे सुचले नाही. माझे बोलणे खरे आहे असे मानून त्या माणसाने स्वतःच्या मुलाचा भार त्यावर टाकला होता, मी टाकला नाही हे ठाऊक असून! निघताना मी विचारले, "तुला राग नाही आला?"

"आला होता. तिसरीत नापास झालो तवा लय आला होता." तो हसला नाही. "आता माही पोरगी पाचवीत हाय. हिंदीतच हाय. पन मराठी वाचाले मांगते. मले तं दुसरीपर्यंतचंच येते, गुरुजी."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती मुलगी आमच्या ओसरीवर येते. तिच्याबरोबर आणखी दोघे येतात. तासभर आम्ही मराठी वाचतो, लिहितो. त्या तासात हिंदीचा शब्द मी येऊ देत नाही. तास संपला की तिघे हिंदीत भांडत घरी जातात, आणि मी त्यांना अडवत नाही.